नव्वद पट की सात पट? सोव्हिएत कारखान्यांचा हिशोब कसा लावायचा

(या भागात जे बोललो त्याचं हे लिखित रूप. ऐकायला वेळ नसेल, बसमध्ये गोंगाट असेल, तर वाचा. बोलीभाषा मुद्दाम तशीच ठेवली आहे.)



आज सुरुवातीलाच दोन आकडे देतो. एक आहे ९०, दुसरा आहे ७.

देश एकच, सोव्हिएत युनियन. काळही एकच, १९२८ ते १९८५. प्रश्न असा की या सत्तावन्न वर्षांत देशाचं राष्ट्रीय उत्पन्न किती पट झालं? सरकारी पुस्तकं म्हणायची, सुमारे नव्वद पट. फेब्रुवारी १९८७ मध्ये मॉस्कोच्या 'नोवी मीर' या मासिकात एक लेख आला. लिहिणारे दोघं होते, अर्थतज्ज्ञ ग्रिगोरी खानिन आणि पत्रकार वसिली सेल्युनिन. ते म्हणाले, नव्वद वगैरे काही नाही, सहा ते सात पट. लेखाचं शीर्षकच होतं 'लबाड आकडा'.

आता थोडं थांबा आणि विचार करा. आकड्यात पाच-दहा टक्के फरक पडला तर आपण म्हणतो, चालायचंच, मोजमापात चूक होते. पण नव्वद आणि सात? अशी तफावत येते कुठून? कोणीतरी सरळ खोटं लिहिलं असेल, असं पटकन वाटतं. गंमत अशी आहे की खोटेपणा हा या गोष्टीचा फक्त एक तुकडा आहे. मोठा भाग आहे तो मोजायच्या पद्धतीचा. आणि ती पद्धत समजली, की आज तुमच्या फोनवर येणारी 'औद्योगिक उत्पादनात अमुक टक्के वाढ' ही बातमीही तुम्ही वेगळ्या नजरेनं वाचाल.

चला तर.

आधी चक्रवाढीचं गणित

नव्वद आणि सात हे आकडे फार लांबचे वाटतात. वर्षाच्या हिशोबात ते पाहू. सत्तावन्न वर्षांत नव्वद पट, म्हणजे दरवर्षी साधारण आठ टक्के वाढ. सत्तावन्न वर्षांत सात पट, म्हणजे दरवर्षी साधारण साडेतीन टक्के.

बघा, दर वर्षाचा फरक आहे साडेचार टक्क्यांचा. एका वर्षात तो डोळ्यात भरत नाही. तो आकडा कोणी तपासायलाही बसणार नाही. पण तोच फरक दरवर्षी एकाच दिशेनं पडत गेला, तर दोन पिढ्यांनंतर कागदावरचा देश आणि प्रत्यक्षातला देश असे दोन वेगळे देश तयार होतात. दीर्घकाळाचं मोजमाप अवघड असतं ते यामुळेच. छोटी चूक इथे छोटी राहत नाही, तिच्यावर व्याज चढतं.

बेरीज कशाची करायची?

आता मूळ प्रश्नाकडे. कारखान्यांचं उत्पादन मोजायचं म्हणजे नेमकं काय मोजायचं?

पोलाद टनात मोजता येतं. वीज किलोवॅट-तासात. कापड मीटरमध्ये. पण टन, मीटर आणि किलोवॅट-तास यांची बेरीज कशी करणार? सगळ्यांना एका मापात आणायला हवं, आणि ते माप म्हणजे किंमत. दहा ट्रॅक्टर गुणिले ट्रॅक्टरची किंमत, अधिक हजार थान कापड गुणिले थानाची किंमत. झाली बेरीज.

पण किमती बदलतात. महागाईमुळे आकडा फुगू नये म्हणून एका ठरावीक वर्षाच्या किमती धरतात आणि पुढची सगळी वर्षं त्याच किमतींत मोजतात. यालाच म्हणतात आधारवर्ष. सोव्हिएत युनियनने आधार धरला १९२६-२७ च्या किमतींचा. आणि किती वर्षं तो सोडला नाही? १९५० पर्यंत! म्हणजे पहिली पंचवार्षिक योजना, दुसरी, तिसरी, मग महायुद्ध, मग पुनर्बांधणी, सगळं मोजलं १९२६-२७ च्या किमतींत.

त्यात काय बिघडलं? एक उदाहरण घेऊ. हे आकडे मी समजावण्यापुरते बनवलेत, खरे नाहीत.

समजा देशात दोनच वस्तू बनतात, ट्रॅक्टर आणि कापड. सुरुवातीला वर्षाला १० ट्रॅक्टर आणि १,००० थान कापड निघतं. ट्रॅक्टर नवलाईची वस्तू आहे, म्हणून महाग, १,००० रूबल. थान १० रूबलला. बेरीज: १०,००० अधिक १०,०००, म्हणजे २०,००० रूबल.

दहा वर्षांनी २०० ट्रॅक्टर निघतात आणि १,२०० थान कापड. जुन्याच किमतींनी मोजलं तर ट्रॅक्टर झाले २,००,००० रूबलचे आणि कापड १२,००० चं. एकूण २,१२,०००. म्हणजे उत्पादन दहा पटींहून जास्त वाढलं!

पण दहा वर्षांत ट्रॅक्टर मोठ्या प्रमाणावर बनायला लागल्यामुळे ते स्वस्त झाले, समजा २०० रूबलला एक. कापडाची टंचाई झाली, थान गेलं ४० रूबलवर. आता या नव्या किमतींनी दोन्ही वर्षं मोजा. पहिलं वर्ष: २,००० अधिक ४०,०००, म्हणजे ४२,०००. शेवटचं वर्ष: ४०,००० अधिक ४८,०००, म्हणजे ८८,०००. वाढ किती? जेमतेम दुप्पट.

ट्रॅक्टर तेच, कापड तेच. कोणीही खोटं बोललं नाही. एक उत्तर दहा पट, दुसरं दोन पट.

अर्थशास्त्रात याला गर्शेनक्रॉन परिणाम म्हणतात. अलेक्झांडर गर्शेनक्रॉन १९०४ साली ओडेसात जन्मले, क्रांतीनंतर देश सोडला आणि पुढे हार्वर्डमध्ये शिकवत होते. १९५१ मध्ये त्यांनी सोव्हिएत यंत्रसामग्रीचं उत्पादन रूबलऐवजी अमेरिकन डॉलरच्या किमतींत मोजून पाहिलं. वाढीचा वेग एकदम खाली आला. कारण सरळ होतं. मागासलेल्या देशात यंत्रं सुरुवातीला दुर्मीळ आणि महाग असतात. औद्योगिकीकरणात सर्वात वेगानं वाढतात तीही यंत्रंच. जुन्या किमती धरल्या की ज्याची वाढ सर्वात जास्त, त्यालाच सर्वात जास्त वजन मिळतं. त्यामुळे निर्देशांक उड्या मारतो.

मग खरी किंमत कोणती? जुनी की नवी? इथे एकच बरोबर उत्तर नाही. अमेरिकन अर्थतज्ज्ञ एब्रम बर्गसन यांनी वर्षानुवर्षं खपून सोव्हिएत राष्ट्रीय उत्पन्नाचा स्वतंत्र हिशोब मांडला. १९२८ ते १९३७ या काळासाठी त्यांनी दोन्ही उत्तरं दिली. १९२८ च्या किमतींत मोजलं तर वर्षाला जवळपास बारा टक्के वाढ, १९३७ च्या किमतींत मोजलं तर साधारण साडेपाच टक्के. प्रामाणिक माणूस असा वागतो. दोन्ही आकडे टेबलावर ठेवतो आणि कोणता कशाचं उत्तर देतो ते सांगतो. सरकारनं मात्र एकच ठेवला, मोठा असलेला.

फुगवण्याच्या चार वाटा

किमतींचा हा पेच प्रामाणिक माणसालाही पडतो. पण त्याच्यावर आणखी चार थर चढले होते. एकेक पाहू.

पहिला थर, नव्या वस्तू. १९२६-२७ साली जी वस्तू बनतच नव्हती, तिची त्या सालची किंमत कुठून आणणार? पद्धत अशी पडली की वस्तू जेव्हा पहिल्यांदा बनली, तेव्हाची किंमत धरायची. पण तिसाव्या दशकात किमती भराभर चढत होत्या. म्हणजे जुन्या वस्तू जुन्या स्वस्त दराने आणि नव्या वस्तू नव्या महाग दराने मोजल्या जायच्या, आणि दोन्हीवर शिक्का एकच: 'स्थिर किमती'. नव्या वस्तूंचा वाटा वाढला की निर्देशांक आपोआप वर. पुढच्या काळात याचं दुसरं रूप आलं. जुन्या मालात किरकोळ बदल करायचा, नवं मॉडेल म्हणून जाहीर करायचं, वाढीव किंमत मंजूर करून घ्यायची. कागदावर महागाई शून्य, उत्पादनात वाढ. ही झाली लपलेली महागाई. खानिन यांच्या हिशोबात सर्वात मोठा घोटाळा याच ठिकाणी होता.

दुसरा थर, एकाच गोष्टीची अनेकदा मोजणी. सोव्हिएत कारखान्यांचं यश मोजलं जायचं ढोबळ उत्पादनात. रशियन भाषेत त्याला नुसतं 'वाल' म्हणत. आता इवानोवो हे मॉस्कोजवळचं जुनं कापडगाव डोळ्यांसमोर आणा. समजा १०० रूबलचं सूत बनलं, त्याचं १५० रूबलचं कापड झालं, त्याचे २५० रूबलचे शर्ट शिवले. हे सगळं एकाच गिरणीत झालं तर उत्पादन २५०. पण तीच गिरणी तीन वेगळ्या कारखान्यांत तोडली तर? १०० अधिक १५० अधिक २५०, म्हणजे ५००. शर्ट तेवढेच, उत्पादन दुप्पट! म्हणूनच आज जगभर मूल्यवर्धन मोजतात, म्हणजे प्रत्येक टप्प्यावर नव्याने किती भर पडली तेवढंच. पण 'वाल'च्या राज्यात महाग कच्चा माल वापरणं हा तोटा नव्हता, तो फायदा होता. जितका कच्चा माल महाग, तितका तुमचा आकडा मोठा.

तिसरा थर, दर्जा. लक्ष्य टनात दिलं की माल जड होतो. 'क्रोकोडिल' या सोव्हिएत विनोदी मासिकातलं एक व्यंगचित्र जगभर गाजलं. कारखान्यानं महिन्याचं खिळ्यांचं लक्ष्य एकच प्रचंड खिळा बनवून पूर्ण केलंय! ही फक्त थट्टा नव्हती बरं का. १९५९ मध्ये खुद्द ख्रुश्चेव यांनी जाहीर तक्रार केली होती की आपल्याकडे झुंबरं सुंदर नाही, जड बनतात, कारण उत्पादन टनात मोजलं जातं. देशाचा सर्वोच्च नेता छतावरच्या दिव्यांच्या वजनाबद्दल बोलतोय! कारण त्याला कळत होतं की पोलाद वाया चाललंय आणि आकडा मात्र खूश आहे.

चौथा थर, सरळ खोटं. याला शब्द होता 'प्रीपिस्की', म्हणजे वरून लिहून घातलेलं. लक्ष्य ९८ टक्के झालं, कागदावर १०१ लिहिलं. बोनस मिळाला. पण पुढच्या वर्षाचं लक्ष्य याच वाढवलेल्या आकड्यावरून ठरायचं. त्यामुळे फार फुगवणंही धोक्याचं असायचं. हुशार मॅनेजर थोडंच जास्त दाखवायचा. त्यामुळे बहुतेक अभ्यासकांच्या मते कारखान्यांमध्ये सरळ खोटं हा सर्वात मोठा थर नव्हता. उझबेकिस्तानच्या कापसात मात्र ते अतिशय मोठ्या प्रमाणावर झालं. न पिकलेल्या कापसाचे पैसे मॉस्कोकडून वर्षानुवर्षं घेतले गेले आणि ऐंशीच्या दशकात ते प्रकरण उघड झालं.

खरं मोजणाऱ्यांचं काय झालं?

इथपर्यंत ऐकून वाटेल की हा सगळा कारकुनी मामला आहे. तसं नाही. या आकड्यांवर माणसांचे जीव टांगलेले होते.

उद्योगाच्या शेजारचंच एक उदाहरण सांगतो. १९३४ च्या पक्ष अधिवेशनात स्टालिन यांनी जाहीर केलं की १९३३ अखेरीस देशाची लोकसंख्या १६ कोटी ८० लाख झाली आहे. जानेवारी १९३७ मध्ये जनगणना झाली. मोजणी निघाली १६ कोटी २० लाख. तीन वर्षांनी माणसं वाढायच्या ऐवजी कमी? १९३२-३३ च्या दुष्काळात लाखो माणसं मेली होती, हे त्या आकड्यातून दिसत होतं. मग काय केलं? जनगणना रद्द. मोजणाऱ्यांवर घातपाताचा आरोप. सांख्यिकी खात्याचे प्रमुख इवान क्रावाल आणि जनगणनेची धुरा सांभाळणारे ओलिंपी क्वित्किन, दोघांनाही त्याच वर्षी गोळ्या घालण्यात आल्या. १९३९ मध्ये नवी जनगणना झाली, आकडा आला १७ कोटी.

आता सांगा, यानंतर देशातला कोणता सांख्यिकी अधिकारी वर चिठ्ठी पाठवेल की साहेब, आपल्या निर्देशांकात चूक आहे?

मग सगळंच खोटं होतं का?

नाही! आणि हा मुद्दा नीट लक्षात घ्या, कारण सोशल मीडियावर दोनच टोकं दिसतात. एक म्हणतं, सोव्हिएत चमत्कार. दुसरं म्हणतं, सगळा बनाव.

पैशातले आकडे बाजूला ठेवा आणि वस्तू पाहा. पोलाद: १९२८ मध्ये ४३ लाख टन, १९४० मध्ये १ कोटी ८३ लाख टन. चार पटींहून जास्त. वीज: १९२८ मध्ये ५ अब्ज युनिट, १९४० मध्ये ४८ अब्जांच्या वर. जवळपास दहा पट. उरल पर्वताच्या पायथ्याशी, जिथे आधी काहीच नव्हतं, तिथे मॅग्निटोगोर्स्कची पहिली झोतभट्टी १९३२ च्या सुरुवातीला पेटली. आणि १९४२ मध्ये, देशाचा पश्चिम भाग जर्मनांच्या ताब्यात असताना, या देशानं २४ हजारांहून जास्त रणगाडे बनवले. कागदी रणगाड्यांनी युद्ध जिंकता येत नाही.

अभ्यासकांनी याच दोरीला धरून वाट काढली. ऑस्ट्रेलियात काम केलेले कॉलिन क्लार्क यांनी १९३९ मध्येच रशियन आकड्यांची चिकित्सा करणारं पुस्तक लिहिलं. रशियातून बाहेर पडलेले नौम यास्नी किमतींच्या मागे लागले. वॉरन नटर यांनी १९६२ मध्ये सोव्हिएत औद्योगिक उत्पादनावर जाडजूड ग्रंथ काढला. या मंडळींची पद्धत साधारण अशी होती: सरकारी रूबल विसरा. टन, मीटर, नग यांचे आकडे गोळा करा. त्यांना आपण ठरवलेली वजनं द्या. निर्देशांक नव्याने बांधा.

पण मूळ टनांचे आकडेच खोटे असतील तर? बर्गसन यांचा तर्क होता की सरकार दोन वह्या ठेवत नाही. गोसप्लान, म्हणजे योजना मंडळ, स्वतः जे आकडे वापरतं त्यातलेच काही छापले जातात आणि नको असलेले लपवले जातात. १९९१ नंतर दप्तरखाने उघडले, आणि मोठ्या प्रमाणात तसंच निघालं. लपवाछपवी भरपूर होती, पण आतल्या खोलीत वेगळी, खरी वही सापडली नाही. याचा दुसरा अर्थ भयंकर आहे. जगाला फसवणारा आकडा राज्यकर्ते स्वतःही वापरत होते. देश आंधळेपणाने चालवला जात होता.

आणि खानिन? त्यांनीही एकाच मापावर विसंबून न राहता अनेक वेगवेगळी मापं लावून पाहिली. त्यांचं उत्तर नुसतं 'सगळं वाईट' असं नव्हतं. पन्नासचं दशक त्यांनाही खऱ्या, दमदार प्रगतीचं दिसलं. पण त्यानंतर वेग घसरत गेला आणि सरकारी आकड्यांनी ती घसरण झाकून ठेवली. दुखणं दिसलंच नाही, तर औषध कोण देणार? गोर्बाचेव आले तेव्हा तो आजार बराच पुढे गेलेला होता.

टन वाढले, पण कोणासाठी?

टन मोजणंही पुरेसं नाही, हे सत्तरच्या दशकात दिसलं. पोलादाच्या उत्पादनात सोव्हिएत युनियननं अमेरिकेला मागे टाकलं. १९८८ मध्ये सोव्हिएत पोलाद १६ कोटी टनांच्या वर होतं, अमेरिकेचं त्याच्या आसपासही नव्हतं. मग दुकानासमोर रांगा का?

कारण बरंचसं पोलाद पुन्हा पोलाद बनवणाऱ्या यंत्रांतच जात होतं, जड यंत्रांत, शस्त्रांत, आणि वायाही. साम्यवादी व्यवस्था कोसळताना अर्थतज्ज्ञांच्या लक्षात आलं की काही कारखान्यांचा कच्चा माल जगाच्या बाजारात विकला असता तर जास्त पैसे आले असते, त्यापासून बनलेल्या वस्तूला तेवढे येत नव्हते. म्हणजे हजारो माणसं रोज कामाला जात होती, घाम गाळत होती आणि संध्याकाळपर्यंत मालाची किंमत कमी करून घरी येत होती. दोष त्या कामगारांचा नव्हता. त्यांना जे माप दिलं होतं, ते त्यांनी पूर्ण केलं.

पडताना उलटा खेळ

आता गोष्टीला एक कलाटणी. १९९१ मध्ये देश संपला. कारखाने खासगी झाले. आणि आकडे उलट्या दिशेनं खोटं बोलायला लागले!

आधी जास्त दाखवलं की बोनस मिळायचा. आता जास्त दाखवलं की कर बसतो. म्हणून उत्पादन लपवायला सुरुवात झाली. त्यात छोट्या नव्या धंद्यांची मोजणी करायची यंत्रणाच नव्हती, कारण जुनी यंत्रणा मोठ्या कारखान्यांकडून येणाऱ्या तक्त्यांवर चालायची.

रशियाचं औद्योगिक उत्पादन १९९० ते १९९८ मध्ये निम्म्याहून जास्त घटलं, असं अधिकृत आकडे सांगतात. मग काही अभ्यासकांनी विजेकडे पाहिलं. वीज लपवणं अवघड! १९९० मध्ये रशियात सुमारे १,०८२ अब्ज युनिट वीज तयार झाली, १९९८ मध्ये ८२७ अब्ज. घट साधारण २४ टक्के. म्हणजे उत्पादन खरं तर तेवढंच पडलं का?

इतकंही सोपं नाही. घरातले दिवे, रुग्णालयं, मेट्रो, थंडीतली ऊब, यांची वीज कारखाना बंद पडला म्हणून कमी होत नाही. अर्ध्या क्षमतेनं चालणारा कारखानाही अर्ध्याहून जास्त वीज खातो. आणि ॲल्युमिनियमसारखा वीज पिणारा धंदा निर्यातीवर तगून राहिला. त्यामुळे बरेचजण एवढंच म्हणतात की पडझड खरी होती, भयंकर होती, पण कागदावर दिसते तेवढी बहुधा नव्हती.

दोन्ही टोकं एकत्र ठेवून बघा. वर जाताना आकडा फुगलेला, खाली येताना आकडा दबलेला. या दोन आकड्यांची एकच रेषा काढली, की समाजवादी काळ खरा होता त्याहून उंच दिसतो आणि नंतरची दरी खरी होती त्याहून खोल. आज रशियात जुन्या दिवसांबद्दल जे वाद होतात, त्यांत ही रेषा बिनबोभाट वापरली जाते.

आपला काय संबंध?

संबंध आहे. १९५६ ला सुरू झालेली आपली दुसरी पंचवार्षिक योजना आठवा. तिच्यामागे होते प्रशांतचंद्र महालनोबीस, कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे संस्थापक. आधी अवजड उद्योग, यंत्रं बनवणारी यंत्रं, मग बाकीचं, हा विचार त्यात होता. १९५५ मध्ये भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार सोव्हिएत युनियनशी झाला आणि १९५९ मध्ये तिथली पहिली झोतभट्टी सुरू झाली. त्या काळी सोव्हिएत वाढीचे आकडे जगभरच्या नव्या देशांना भुरळ घालत होते. आकडे सात पटीचे दिसले असते तर किती देशांनी वेगळा विचार केला असता, हा प्रश्न इतिहासात उरतोच.

आणि आजचं म्हणाल तर आपल्याकडे औद्योगिक उत्पादन निर्देशांक दर महिन्याला येतो. मे २०१७ मध्ये त्याचं आधारवर्ष २००४-०५ वरून २०११-१२ झालं. वस्तूंची यादी बदलली, वजनं बदलली, आणि आधीच्याच महिन्यांचा वाढीचा दर वेगळा दिसायला लागला. यात लपवाछपवी नव्हती, बदल जाहीर होता, पद्धत छापलेली होती. फरक तोच आहे. आकडा बदलणं हा गुन्हा नाही. तो कसा काढला हे विचारता न येणं, हा खरा धोका.

म्हणून पुढच्या वेळी कोणी पन्नास वर्षांची प्रगती एका आकड्यात सांगितली, तर तीन प्रश्न विचारा.

एक, आधारवर्ष कोणतं? दोन, नुसतं ढोबळ उत्पादन मोजलंय की खरोखर पडलेली भर? तीन, हा आकडा मोठा दिसला तर फायदा कोणाचा, आणि लहान दिसला तर शिक्षा कोणाला?

तिसरा प्रश्न सर्वात महत्त्वाचा. क्रावाल आणि क्वित्किन यांनी बरोबर मोजलं होतं. ज्या देशात बरोबर मोजणाऱ्याला भीती वाटते, त्या देशाचा कोणताही मोठा आकडा ऐकला की आधी तिथला मोजणारा आठवा.

हा भाग कसा वाटला ते जरूर कळवा. कॉलेजात अर्थशास्त्र किंवा संख्याशास्त्र शिकणारं कोणी ओळखीचं असेल तर त्यांना पाठवा. ट्रॅक्टर आणि कापडाचं ते गणित मात्र एकदा स्वतः कागदावर करून पाहा. दोन मिनिटं लागतात.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या!